खळं

काल संध्याकाळी मांडलेल्या थाळ्या
सकाळी नऊला कपाटातून काढते.
आत सदतीस अंश.
अंड्यालाही जवळपास एवढीच ऊब लागते,
हे मकरंददादानं सांगितलं होतं
सिमरोलला त्याची पहिली शेड उभी राहिली तेव्हा.
पत्रे नवे होते, डोळ्यांवर येत होते,
आणि नारळ भेरूलालनं फोडला होता.

थाळीवर आम्ही जंतू सारवतो,
वर औषधांच्या टिकल्या लावतो.
टिकलीभोवती काही उगवलं नाही
तर मोकळा गोल राहतो.
पुस्तकात त्याला मोठं नाव आहे.
मी खळं म्हणते. चंद्राला पडतं ना, तसं.
पट्टी लावून मोजायचं.
खळं जेवढं रुंद, तेवढं कुणाचं तरी घर निवांत.

आज दोन थाळ्या.

एक भेरूलालच्या तळहाताची.
पिंजऱ्याची तार घुसली होती, एवढीशी.
हळद झाली, गावातली सुई झाली,
मग इंदूरच्या तीन रंगांच्या गोळ्या.
रामबागेत आमच्या लॅबच्या पायरीवर बसून म्हणाला,
"बेन, हात तो भट्टी वई ग्यो."

दुसरी, दोन नंबरच्या शेडमधली,
कोंबड्या चोच लावतात त्या पाण्याच्या नळीची.
गेल्या रविवारी दादाकडे पोहे खाल्ले,
वहिनी जिरावण आणायला आत गेली तेवढ्यात
मी शेडकडे जाऊन बोळा फिरवून आले.
भावाच्या घरात चोरी केली, कापसाएवढी.

सहा टिकल्या इथं, सहा तिथं.
चारांच्या अगदी कडेला जंतू येऊन टेकलेले,
दुधावर साय धरावी तसे.
चंद्र आहे, खळं नाही.
पाचवीला नऊ मिलिमीटर, त्यातले सहा तर टिकलीचेच.
दोन्ही थाळ्यांत.

सारखं दिसलं म्हणजे एकच, असं नसतं.
ते ठरवायला वेगळं यंत्र लागतं, आमच्याकडे नाही.
एवढं मी लिहीन.
अहवालात रकाना असतो, त्यात चार वेळा लिहिते:
दाद देत नाही.
दाद देत नाही.
तिसऱ्यांदा लिहिताना पेन अडकलं.

दादा फोनवर चिडला,
"मग आजारी पक्ष्याला औषध द्यायचंच नाही का?"
आजारी कुठे होते रे.
पिल्लं उतरली त्या दिवसापासून टाकीत पुडी.
पुडीवर लाल तुऱ्याचा कोंबडा, मागे अक्षरं मुंगीएवढी.
पिल्लं कंपनीची, दाणा कंपनीचा, पुडीही त्यांचीच;
दादाचं काय, तर पत्रे आणि विजेचं बिल.
आणि चाळिसाव्या दिवशी वजनाची पावती.
गादीखालचा भुसा बटाट्याच्या शेतांत जातो,
तिथून पुढे कुठे, हे पावतीवर नसतं.

"तू हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. हळूच.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात.
पण त्याच्या शेडमध्ये दिवे रात्रभर जळतात,
पक्षी आरवायला शिकण्याआधीच काट्यावर चढतात.
तिथं झाकायला आरवणारं कुणी नाही.
तांबडं फुटलंय ते भेरूलालच्या मनगटाशी,
बारीक लाल रेघ,
कोपराच्या वाटेला लागलेली.

सहाव्या टिकलीला खळं आहे. चोवीस.
मी दोनदा मोजलं, पट्टी पुसून तिसऱ्यांदा.
हे औषध गोळीत मिळत नाही,
शिरेतून जातं, दिवसाला तीनदा, खाट धरावी लागते.

भेरूलालला सांगितलं, आजच भरती हो.
तो गप्प राहिला. मागे पंख्यांची घरघर.
टाकीतली पुडी तो काठीनं ढवळत नाही,
बाही वर सारतो,
हात कोपरापर्यंत घालतो.

मग विचारलं त्यानं,
"उद्या सकाळची पुडी कोण घोळेल?"