एकाच घसरगाडीत

पीठ आणि रॉकेल एका खेपेत न्यायचं नाही,
हा वडिलांचा नियम.
पेइप्सी सरोवर गोठलं की ते घोडा जुंपायचे
आणि बर्फावरून बेटाकडे निघायचे,
एक दिवस पिठाचा, एक दिवस रॉकेलचा.
एकदाच दोन्ही एकत्र नेलं,
तर बेटावरच्या अवदोत्याने महिनाभर
पावाला वास येतो म्हणून त्यांचा उद्धार केला.

आता मी तार्तू शहरात, तिसऱ्या मजल्यावर,
चार अंशाच्या थंड खोलीत दोन स्वेटर घालून
नेमकं तेच करते
जे त्यांनी करू नको म्हणून बजावलं होतं.

गाडी म्हणजे अल्ब्युमिन.
तुमच्या-माझ्या रक्तातलंच प्रथिन, कुणाच्या डोळ्यावर न येणारं,
दिवसभर दुसऱ्यांची ओझी वाहणारं:
चरबी, पित्ताचा पिवळा रंग, तांब्याचा एखादा कण.
हमालाला कोण नाव विचारतं?
पहारेकरीही अडवत नाहीत.
आणि गाठ तर भुकेली असते,
ती स्वतः दार उघडून त्याला आत ओढते
आणि मोडून खाते.

बसायचंय दोघांना.
एक तेलकट, पाण्याचं तोंड न बघणारं,
त्याला मी प्रथिनाच्या घडीत सरकवते.
दुसरं उतावळं, पाणी दिसलं की विरघळणारं,
त्याला बाहेरून बांधते एका कच्च्या दुव्याने.
दुवा असा, की रस्त्यात टिकावा
आणि आंबट जागी पोचल्यावरच तुटावा.
(आईच्या कोबीच्या पिंपाइतकं आंबट नव्हे,
त्याच्या वासाइतकं.)

दोघं कशाला, असं फेव्रोन्या विचारते.
एकटं गेलं तर पेशी शहाणी होते, मी सांगते,
मागच्या दाराने औषध बाहेर हाकलते.
म्हणून एकाने ते दार धरायचं
आणि तेवढ्यात दुसऱ्याने काम उरकायचं.
वेगवेगळ्या वाटांनी निघाले
तर दार धरणारा पोचतो
तेव्हा घरात कुणीच नसतं.

सत्तावीस वेळा नळीत दही झालं.
हिल्यार, आमचा प्रमुख, नळी बघतो,
"पुन्हा," म्हणतो,
आणि कॉफी आणायला जातो. माझ्यासाठीही आणतो.

फेव्रोन्या माझी थोरली बहीण.
कोल्क्याला कांद्याचे वाफे आहेत तिचे,
वेण्या घालून रस्त्याकडेला विकते.
विकायची.
दर तिसऱ्या मंगळवारी ती नदीपलीकडच्या इस्पितळात
खुर्चीत बसते, हात पुढे करून.
आधी लाल बाटली, मग खारं पाणी, मग दुसरी बाटली.
साडेचार तास.
बाबा असते तर म्हणाले असते,
बरोबर आहे, खेपा वेगवेगळ्याच हव्यात.

"तुझी गाडी कुठवर आली?"
"उंदरांपर्यंत."
"चैन आहे उंदरांची," ती म्हणते
आणि हसताना खोकते.
किती वर्षं लागतील ते मी सांगत नाही,
ती विचारत नाही. डोक्यावरचा रुमाल मात्र
दोनदा सोडून पुन्हा बांधते.

मग, दुसरी बाटली अर्धी झाल्यावर, सहज सांगावं तसं:
"तुला आठवत नसेल, तू लहान होतीस.
बाबांनी दोन्ही एकत्र का नेलं त्या वर्षी?
बर्फ तडकायला लागलं होतं.
एकच खेप होणार होती."

निघताना ती पायाशी ठेवलेली कांद्याची वेणी देते,
मागच्या हंगामातली, हलकी झालेली.
बसमध्ये शेजारचा मुलगा जागा बदलून बसतो.

रात्री दहाला थंड खोलीत
एकतिसावी नळी दिव्यासमोर धरते.
दही नाही.
तळाशी साका नाही.
निदान मला तरी दिसत नाही.
चष्मा काढते, स्वेटरला पुसते,
हाताला कांद्याचा वास,
पुन्हा धरते.