विसर्ग

गंगापूर धरणाचा आकडा आज कालचाच आहे:
एकाहत्तर टक्के.
म्हणून धरण झोपलेलं नसतं.
वरून कश्यपीचं पाणी आलं, खालून तेवढंच सुटलं,
आकडा जागचा हलला नाही, एवढंच.

हे मला आधी एचआयव्हीनं शिकवलं.
रक्तात वर्षानुवर्षं सामसूम दिसायची.
मग कुणीतरी औषधानं वरचा ओघ अडवला
आणि पातळी किती वेगानं उतरते ते मोजलं:
रोज अब्जावधी जन्मत होते, तेवढेच मरत होते,
पेशी पडत होत्या, नव्या उभ्या राहत होत्या,
आणि बघणाऱ्याला दिसत होती
नुसती द्राक्षं निवडत बसलेली बाई.

मथुरा गांगुर्डे. माझी आई.
पिंपळगावचं पॅकहाउस, डोक्याला जाळीची टोपी,
बारीक कात्रीनं सोळा मिलिमीटरखालचा मणी
घडातून काढायचा, शेजारच्याला धक्का न लावता.

वहीच्या दुसऱ्या पानावर शरीर नाही, जिल्हा आहे.
एका चौकटीत एस, अजून न लागलेले.
दुसरीत आय, लागण झालेले.
मध्ये बाण, बाणावर बीटा.
बोरस्ते सर म्हणतात, बीटा हा दर आहे, आरोप नाही.
बरोबर आहे.
पण तो बाण आडगाव नाक्यावरून जातो,
लासलगावचा कांदा घेऊन इंदूरला, तीन रात्री,
आणि रिकाम्या गाडीनं घरी येतो.
आयमधून खाली आणखी एक बाण निघतो,
तो कुठल्याच चौकटीत पोचत नाही.
त्याच्यावर बाबा आहेत. ऑगस्ट, दोन हजार चार.

आई एकदा वहीत डोकावली.
"ह्ये काय?"
म्हटलं, हा एस, हा आय.
"आय व्हय? मंग बरोबर. आय म्हंजे मीच की."
आणि भाकरी उलटायला गेली.
तेव्हापासून ते अक्षर
मला समीकरणात नीट वाचता येत नाही.

आईकडून बाळाला:
ही एक संख्या मी दुसऱ्यांच्या कामातून उसनी घेतली.
औषध नसेल तर शंभरात तीसेक.
त्या वर्षी कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी,
बाळाला एक थेंब, एवढंच होतं.
संख्या निम्मी झाली. शून्य झाली नाही.
अठराव्या महिन्यात, सिव्हिलच्या व्हरांड्यात,
रिपोर्टचा कागद ती उलटाच धरून बसली होती म्हणे,
कुणी सुलट करू लागलं तर हात झटकायची.
एक वजा ती संख्या:
तिथं मी राहते.

त्र्यंबक रोडला एआरटी सेंटरात
निकम सिस्टर डबी उपडी करून गोळ्या मोजतात.
तीस दिल्या, अठ्ठावीस दिवस झाले,
दोन उरायला हव्यात.
दोनच उरतात. सतरा वर्षं.
मी याला एप्सिलॉन म्हणते, आई रात्री नऊचा गजर.
असे गजर पुरेशा घरांत वाजले
तर दुसऱ्या पानावर एकामुळे
सरासरी एकालाही होत नाही, साथ उताराला लागते.

रिपोर्टवर आता "विषाणू आढळला नाही".
आढळला नाही म्हणजे नाही, असं नाही.
तळाशी साठा असतो, निजलेल्या पेशींचा,
आटायला सत्तर वर्षं लागतील असं गणित म्हणतं.
आई अठ्ठेचाळीसची. मी बेरीज करत नाही.

तिला मीच लिहायला शिकवलं, माझ्या जुन्या पाटीवर.
"दुःख"पाशी दर वेळी अडायची,
विसर्ग द्यायचाच नाही.
"कशाला त्ये दोन ठिपके? म्हनताना कुठं ऐकू येत्यात?"
मी म्हणायचे, असतात गं आई, लिहावे लागतात.

आज सिस्टरांनी मला आत बोलावलं.
तळहात पुढं केला: दोन गोळ्या,
एकीखाली एक.
आई आरशात बघून पदर नीट करत होती,
पिंपळगावची गाडी पावणेबाराला होती.