एक्केचाळीस हर्ट्झ

परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
काचेच्या पेटीत माणसं बसवून
मी त्यांचे कान मोजते.
ऐकू आलं की बोट वर करा.
माझं मशीन सुरू होतं अडीचशेपासून.
माझ्या बेसची सगळ्यात जाड तार
एक्केचाळीसवर.
म्हणजे संध्याकाळी जे वाजवते
ते दिवसा मोजते त्याच्या
पार तळघरात.

बेस ऑर्लेमच्या इनास डिमेलोंचा,
एकवीस हजार, केससकट.
पिकअपची एक कड झिजलेली,
तिथे त्यांचा अंगठा
अठ्ठावीस वर्षं लोकांच्या लग्नांतून टेकलेला.
"पावसाळ्यात मान वाकते," म्हणाले,
"आमचीपण वाकते. पाव फेरा फिरव. जास्त नको."
मी जास्त फिरवला.
कट्कन आवाज आला
आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.
(तुटलं काही नव्हतं.)

तेव्हापासून बुटांच्या खोक्यांतल्या
त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या
सगळा विभाग माझ्यासाठी साठवतो.
सिस्टर कुट्टीकर तर एकदा
नव्या एक्स-रे मशीनच्या पेटीतली
उशीएवढी पुडी घेऊन आल्या.

जुन्या तारा मी उकळते, वरणाच्या पातेल्यात,
दहा मिनिटं, चमचाभर व्हिनेगर.
वर्षभराच्या बोटांचा मळ वर येतो.
सासूबाई काही बोलल्या नाहीत.
पातेल्याच्या बुडाला नेलपेंटचा
एक लाल टिंब काढून ठेवला फक्त.

पेडल पाच. हेरंबला चार माहीत आहेत.
"दोन कम्प्रेसर कशाला? फरक काय?"
डोळे मिटायला लावून दोन्ही ऐकवले.
म्हणाला, दुसरा बरा वाटतो.
दुसऱ्या वेळीही मी
पहिलाच लावला होता.

लॅमिंग्टन रोडला कपॅसिटर मागितला की
दुकानदार विचारतो, मिस्टरांनी चिठ्ठी दिलीय का?
मी आकडा सांगते, मग कंपनी,
मग नको असलेल्या कंपन्या.
तेव्हा कुठे तो स्टुलावर चढतो.

घरी जाड तार मोकळी सोडली
की मांडणीवरची एक वाटी, एकच, थरथरते.
ती काढून आत ठेवली
तर शेजारचं फुलपात्र लागलं.

फेब्रुवारीत खालच्या मजल्यावरचे गोविलकर आले,
माझ्याच पेटीत, सुनेबरोबर.
चौतीस वर्षं बंदरातल्या टगबोटींची इंजिनं.
आलेख डावीकडे बरा होता,
मग एकेक पायरी उतरत
उजव्या कोपऱ्यात तळाला.
स गेलेला, श गेलेला, फ गेलेला.
कुकरची शिट्टी, दाराची बेल, चिमण्या.
सुनेचं नाव शेफाली;
त्यांना नुसतं 'आली' ऐकू येतं
आणि ते दाराकडे बघतात.

मी कागदावर शिक्का मारत होते
आणि तक्रारीची वाट बघत होते.
ते म्हणाले, अख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल असं,
"मंगळवारी का नाही वाजलं?"
अ‍ॅम्प दुरुस्तीला होता, मी कागदावर लिहून दाखवलं.
"हं. आणि ते चढत जातं ना,
चार पायऱ्या,
चौथीला तू घाई करतेस.
इंजिन असं चाललं तर
आम्ही खाली माणूस पाठवायचो."

यंत्र घ्या म्हटलं.
किंमत सांगितली, मॉडेलं सांगितली,
जरा जास्तच सांगितली.
"नको. मग सगळंच ऐकू येईल."

आज बुधवार. पाचही पेडल बंद,
वायर थेट अ‍ॅम्पमध्ये.
पहिली पायरी. दुसरी. तिसरी.
घाई खरंच होती तिथे; बारा वर्षांत
बँडमधल्या कुणाच्या लक्षात आली नाही,
कान मोजणाऱ्या बाईच्याही नाही.
चौथीपाशी बोट तारेवर ठेवून
मी थांबते,
जरा अजून,

खाली त्यांची खाट
नेमकी कुठल्या भिंतीला लावलीय,
शेफालीला विचारायला हवं.