परांची उतरेपर्यंत

दिवाळी संपली आणि जिन्यात नोटीस लागली:
प्लास्टर निघणार आहे, गॅलऱ्या रिकाम्या करा,
कुंडी पडून कुणाला लागल्यास जबाबदारी सभासदाची.

कोपरखैरण्यात थंडी म्हणजे काय,
गिझर दहा मिनिटं जास्त
आणि पहाटे कारखान्यांकडून घशाशी येणारा वास.
त्यानं रोपं मरत नाहीत.
रोपं मरतात हिरव्या जाळीनं,
सिमेंटच्या पिठानं,
दुपारी बाराला दिवा लावायला लागणाऱ्या उजेडानं.

म्हणून सहा मिरच्या शिकवणीच्या खोलीत आल्या,
ट्यूबलाइटखाली, पाढ्यांच्या तक्त्याला पाठ लावून.
मिरवेल न्हाणीघरात.
तिला वाफ लागते, कोरड्या हवेत रुसते.
उल्हास टॉवेल घेऊन दाराशी उभा:
हिची आटपली का?

पहिल्या आठवड्यात पानं पिवळी पडली.
मी कात्री घेतली, फांद्या निम्म्यावर आणल्या,
छाटताना सवयीनं पुटपुटले,
हातचा एक.

मग मावा.
खिडक्या बंद, जाळी बंद, मावा येतो कुठून?
आंबट ताक पाण्यात घालून शेंड्यांवर मारलं.
तीन दिवस खोलीला कढीचा वास,
नववीच्या पोरांचं पायथागोरसवरून लक्ष उडालेलं.

नाताळात फुलं आली,
पांढरी, मान खाली घातलेली,
उत्तर येत नसल्यासारखी.
आली तशी गळली. आत ना माशी ना वारा.
स्वानंदीनं कंपासपेटीतून बारीक ब्रश काढला,
या फुलातलं त्या फुलात टेकवत गेली,
जीभ दातांत धरून.
टीचर, आता?
आता थांबायचं, म्हटलं.
याचं उत्तर मागच्या पानावर नसतं.

एक धरली.
सहा झाडांत मिळून एक.
हिरवी, मग काळपट, मग एका सकाळी लाल.
ती बियाण्याची. ठरलेलंच होतं.
हे बी गोमीबायचं,
कोळंबीच्या पाटीत पदराच्या गाठीत बांधून आणलेलं.
तिच्या अंगणात आता विमानं उतरतात.

इनामुल पाचव्या मजल्याच्या परांचीवर जेवायला बसायचा,
माझ्या खिडकीला लागून, पाय खाली सोडून.
डब्यात गार भात, कांदा.
एक दिवस गजांतून बोट केलं, मिरचीकडे.
मी धावत जाऊन फ्रीजमधली दिली, वाशी मार्केटची, लांबलचक.
तो एक घास चावला आणि हसला.
भाभी, ही तर भाजी आहे.

मी म्हटलं नाही, ती लाल बियाण्याची.
खिडकी लावली.
आत येऊन वर्गमूळ शिकवत राहिले
आणि सगळा वेळ काचेपलीकडे
कांदा चावल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी तोडून दिली.
का, ते नीट सांगता येणार नाही.
त्यानं नखानं चीर पाडली,
बिया काढल्या, एक एक,
माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर, रद्दी पेपरावर.
तिखट बीत नसतं, म्हणाला, आतल्या शिरेत असतं.
हे तुमचं. शीर माझी.
आणि भातात कुस्करून खाल्ली,
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
वर बघत, बराच वेळ.

बिया मोजल्या. सत्तावीस.
दोन सिमेंटच्या धुळीत गेल्या असतील.

फेब्रुवारीत परांची उतरली.
बिल्डिंगला कुणालाच न आवडलेला पिवळा रंग.
इनामुल ऐरोलीला दुसऱ्या साइटवर, कुणीतरी म्हणालं.
मिरच्या गॅलरीत गेल्या,
पहिल्या उन्हानं दोघींची पानं भाजली,
सावलीत सरकवल्या.

मिरवेल न्हाणीघरातच आहे.
तिनं गिझरच्या पाइपला मूळ चिकटवलंय.
सोडवायला गेले तर उल्हास म्हणाला, राहू दे,
आणि बादली जरा अलीकडे ओढून घेतली.