तीनशे सतरा

मोतीबिंदूच्या शिबिरातून एकेकाला गावोगाव सोडत आलो,
शेवटी गाडीत उरली बिसनबाई उईके,
नाकावर शिबिराचा काळा चष्मा, मांडीवर थेंबांची बाटली.
फाट्यावर म्हणाली, "डांबरीनं नको नेऊ बापा.
खदानीच्या रस्त्यानं घे. डोया नवा हाय, पाहू दे."
मी म्हटलं, अकरा किलोमीटर जास्त पडतात मावशी,
डिझेल मोजून मिळते, साहेब लॉगबुक पाहतात.
ती काही बोलली नाही.
नुसती उजवीकडे बघत राहिली.
मी उजवीकडे वळवली.

नवतपा. दुपारचे साडेतीन.
सागाला एक पान नाही. पडलेली
चाकाखाली पापडासारखी मोडत होती.
उतारावर कुल्लूचं झाड, पांढरंफटक, उघडं,
आंघोळ करून आलं आणि कपडे सापडेनात तसं.
रस्ता म्हणावा तर नाला, नाला म्हणावा तर रस्ता.
फर्स्ट गिअर, सेकंड, पुन्हा फर्स्ट.
टेकड्या आधी तांबड्या, मग करड्या,
आणि एका वळणापाशी एकदम काळ्या,
तव्याच्या पाठीसारख्या.
"आली," ती म्हणाली, आणि चष्मा काढला.
डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. मीही सांगितलं.

रोपवेचे खांब सात. तार गेली भंगारात.
सातव्याच्या टोकावर घारीचं घरटं.
साहेबाचं टेनिस होतं तिथं
तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घातलेले, रांगेनं,
शाळेतली पोरं प्रार्थनेला बसवावीत तसे.
खदान एवढी खोल
की हाक मारली तर ती जरा विचार करून परत येते.
तळाशी पाणी. मोरपंखी.
त्यात उतरायला वाट नाही, म्हणून ते तसं आहे.

तिनं वाकून दोन दगड उचलले,
माझ्या दोन हातांत दिले.
"डोये मिट. माल कोणता, मुरूम कोणता?"
मी उजवा म्हटलं.
ती हसली. "तुले पहिल्याच दिवशी घरी धाडलं असतं."
तळहात काळे झाले. दोघांचेही.

हजेरीच्या खोलीला छप्पर नाही, दार नाही,
खिडकी मात्र शाबूत.
पदराची गाठ सोडून तिनं पितळी बिल्ला काढला,
घासून गुळगुळीत, ३१७ तेवढं बोटाला लागतं.
खिडकीतून हात आत घातला
आणि तशीच उभी राहिली.
किती वेळ बघणार? मी पलीकडून गेलो,
बिल्ला घेतला, बाबूच्या आवाजात विचारलं,
नाव?

"शेवकन."

मावशी, कार्डावर तर बिसनबाई आहे.

"बिसन मी. बिल्ला शेवकनचा, माह्या बहिणीचा.
दरड आली त्या दिवशी ते तठीच राहिली.
दुसऱ्या सकाळी मी आली, बिल्ला घेऊन.
बाबूनं पाहिलं माह्याकडे. खाली पाहिलं. लिहिलं, हजर.
उनीस वर्स हजर होती ते.
मंग मी कोठी होती, त्याचा कागद नाही."

वारा नव्हता. घार एकदा ओरडली.
खिडकीच्या त्या बाजूला मला उभं राहवेना.
"दे वापस," ती म्हणाली.
मी दिला. तिनं गाठ मारली, दोन वेळा.

गावात सोडलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं.
तिच्या नातवानं थेंबांची बाटली हातात घेतली,
चष्मा कुठाय म्हणून तिच्यावर ओरडला.
गाडीच्या दाराला, कडीला, सीटला काळी बोटं.
ओल्या फडक्यानं पुसली तर आणखी पसरली.

रात्री लॉगबुक. किलोमीटर अकरा जास्त, कारण?
पेन धरून बराच वेळ बसलो.
मग लिहिलं, डांबरी रस्ता बंद होता.
शेवटच्या फेरीचे प्रवासी: एक, आधीच लिहिलेला.
तो खोडला नाही.
शेजारी आणखी एक काढला.
साहेबांना अकरा वाटले तर वाटू दे.