इतर हक्क

उभादांड्याचे सव्वाअकरा गुंठे.
सातबाऱ्यावर बावीस नावं,
त्यांतला एक अबुधाबीत,
दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींशी न बोलणाऱ्या.
दलालाने हात जोडले. मी वही उघडली.

जमीन घ्यायची म्हणजे आधी माणसं गोळा करायची,
हे मी पोस्टाची आरडी गोळा करताना शिकले होते.
कुठल्या घरी चहा घ्यायचा, कुठे नुसतं पाणी,
कुठे थोरल्या भावाचं नाव काढायचं नाही.
परळच्या चुलत्याने ऐनवेळी भाव वाढवला. मी गप्प बसले.
त्याच्या जावयाचे हप्ते थकलेत, मला ठाऊक होतं.
पंधराव्या दिवशी त्याचाच फोन आला.
हे मी अभिमानाने सांगत नाही.
लाजूनही नाही.

एकवीस सह्यांना दीड वर्ष.
बाविसावा न्हानू गिरप:
दुय्यम निबंधकाच्या बाकावर, शर्टाला इस्त्री, पायात काही नाही.
अंगठ्याच्या यंत्रापर्यंत हात नेला
आणि मागे घेतला.
“बाय, बाकी सगळा घे.
विहिरीकडचो माड माजो रवतलो.
मी आसय तंवसर.”

वकील हसला.
मला सर्व्हर बंद पडायच्या आत अंगठा हवा होता.
दस्ताचं एक पान पुन्हा टाइप झालं, एक ओळ वाढली.
नंतर तलाठ्याने तीच ओळ
इतर हक्काच्या रकान्यात उतरवली:
एक माड, न्हानू गिरप, हयातीपर्यंत.

आता तिथे माझ्या सहा खोल्या आहेत.
अकरा महिन्यांचे करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट.
एक नंबरला फळ संशोधन केंद्रातला मदतनीस,
भाडं एक तारखेला, शब्द एकही नाही.
दोनला नर्स रोशनी, सदा रात्रपाळी.
चारला कॉलेजची तीन पोरं, कागदावर दोन.
पाच नंबर दर महिन्याला “सोमवारी देतो” म्हणतो,
सोमवार कुठला ते सांगत नाही.
भाडं वसूल करणं त्या मानाने सोपं,
एप्रिलात पाणी देणं कठीण.
आणि समुद्र, तो माझ्याकडून भाडं घेतो:
दर वर्षी बिजागऱ्या, नळाच्या चकत्या, जिन्याचं ग्रिल.

करारात सातवं कलम मी स्वतः घातलं:
माडाखाली गाडी लावू नये.
लावली. नारळ पडला. आरसा फुटला.
पोरगा म्हणाला, भाड्यातून चारशे कापा.
मी न्हानूला सांगितलं, गमतीने.
दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून आला,
शंभराच्या चार नोटा, बनियनच्या खिशातल्या, ओलसर.
“माड माजो, मगे आरसो पण माजोच.”
नारळ पाडून झाले की मोठ्याने मोजायचा,
साऱ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असा,
आणि जाताना एक मीटरच्या पेटीवर ठेवायचा.
कशाबद्दल, मी कधी विचारलं नाही.

गणपती गेले त्या आठवड्यात न्हानू गेला.
तलाठी म्हणाला, मृत्यूचा दाखला जोडा,
रकाना मोकळा करून देतो.
अर्ज लिहिलाय. पर्समध्ये आहे, तीन महिने झाले,
घडीवर चिरलाय.
कोल्हापूरची पार्टी उद्या साडेअकराला येतेय,
सगळा प्लॉट एकरकमी बघणार,
टायटल मात्र स्वच्छ हवं, मॅडम.
मी दोनदा हो म्हटलंय.

रात्री हिशेबाला बसले होते. मागे धप्प आवाज.
ड्यूटीला निघालेली रोशनी खालून ओरडली,
“मॅडम, पडला!”
“गाडी होती का कुणाची?”
“नाही.”
बॅटरी घेऊन उतरले. उचलला, कानाशी हलवला.
पाणी आहे.
वहीत कुठल्या बाजूला लिहावा, समजेना.
मीटरच्या पेटीवर ठेवून वर आले.

पाच नंबरचं भाडं अजून यायचंय.