चिंचेचा कोळ

मटण स्ट्रीटवर हातिमभाईंच्या दुकानात
पिशवीतून जहाजाची घंटा काढली,
तर ते तिच्याकडे नाही,
माझ्या नखांकडे बघत राहिले.

‘चिंच?’
चिंच. आणि मीठ.
अर्धी घासून झाली, मग हात भरून आला.

‘बरं झालं भरून आला.’
न घासलेली बाजू त्यांनी उजेडाकडे वळवली :
काळपट तपकिरी, कडेला कळंकाचा हिरवा,
खारी हवा पापुद्रा पापुद्रा बसत गेलेली.
माझी बाजू नुसतीच पिवळी,
रुखवतातल्या समईसारखी.
जहाजाच्या नावातलं एक अक्षरही
कोळाबरोबर मोरीत गेलेलं.

‘कोरडी मलमल घ्यायची. मेण, नखाएवढं.
बाकी तिचं तिला करू द्यायचं.’

मग कागदावर किंमत लिहिली,
दोन बाजूंची वेगवेगळी.

तेवढ्यात काळ्या बाजूला, ओठाशी,
रुपयाएवढा एक डाग लखलखताना दिसला त्यांना.
‘आणि हे कशानं घासलंत?’

अंगठ्यानं.
मी नाही, वडिलांनी.
दारूखान्यात जहाजं तोडायला जायचे,
निघताना रोज, चप्पल घालता घालता.

हातिमभाईंनी आकडा खोडला,
खाली दुसरा लिहिला.
वाढवला की उतरवला,
मी वाचलं नाही.